मैंदर्गीच्या दारातली चालू गाडी

गाडी बंद पडली की माणूस सगळ्यात आधी काय करतो, सांगू? चावी परत फिरवतो. नुसतं कटकट वाजतंय, समोरचे दिवे मिचमिचतायत, तरी फिरवतोच. मग बायकोकडे बघतो, जणू तिनंच काहीतरी केलंय. मग स्टेअरिंगवर एक थाप मारतो. एवढं सगळं झाल्यावर बॅटरीवाल्याला फोन लावतो आणि म्हणतो, "मिस्त्री, काल तर चांगली होती हो!" हे वाक्य मी जन्मभर ऐकलं. अरे बाबा, काल चांगली होती म्हणूनच काल तू फोन केला नाहीस की.

सोलापुरात होटगी रोडला माझं बॅटरीचं दुकान होतं. होतं म्हणतो, कारण गुडघ्यांनी दगा दिला आणि दुकान पुतण्याकडं सोपवलं. त्याच्याकडं आता मशीन आहे. दोन चिमटे लावले की पडद्यावर आकडा येतो, गिऱ्हाईक आकडा बघून मान डोलावतं. माझ्याकडं काचेची एक नळी होती. वरच्या टोकाला रबरी फुगा, आत एक तरंगता काटा. बॅटरीच्या भोकात नळी घालायची, आतलं पाणी ओढायचं आणि काटा कुठं तरंगतो ते बघायचं. हिरव्या पट्ट्यात असला तर झकास, लाल पट्ट्यात गेला तर घरी पोचायची घाई करा. ती नळी अजून माझ्याकडं आहे, पुतण्याला दिलेली नाही. त्यानं मागितलीही नाही म्हणा.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅटरी म्हणजे साठवण. गाडी सुरू करायला एकदम जोर लागतो, तो बॅटरी देते. एकदा इंजिन लागलं की तेच बॅटरीला परत भरत राहतं. त्यामुळं रोज चालणाऱ्या गाडीची बॅटरी सहसा दगा देत नाही, दारात उभी राहिलेल्या गाडीची देते. लोकांना वाटतं बॅटरी थंडीनं जाते. आमच्याकडं थंडी असते कुठं? आमचा एप्रिल-मे तिला आतून सुकवतो, आणि मग डिसेंबरातल्या एखाद्या गार सकाळी ती हात वर करते.

म्हणून माझं प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच पालुपद असायचं, तयारीत रहा. डिकीत जंपरची केबल ठेवा, म्हणजे दुसऱ्याच्या बॅटरीवर आपली गाडी लागते, दहा नंबरचा पाना ठेवा, टर्मिनलवर पांढरं साचलं तर गरम पाण्यानं धुवा. कोण ऐकतंय! देवाचा फोटो समोर, लिंबू-मिरची पुढं बांधलेली, आणि डिकी उघडावी तर आत चटई, क्रिकेटची बॅट आणि कुणाच्या तरी बारशाचे उरलेले कागदी द्रोण.

करकंबचा एक जीपवाला होता, गावोगावच्या शिटा भरून वडाप करायचा. त्याच्या बॅटरीत जीवच नव्हता, पण गडी बदलायला तयार नाही. जिथं थांबेल तिथं आधी उतार बघायचा, जीप उतारावर लावायची, निघताना ब्रेक सोडायचा, दुसऱ्या गिअरला झटका द्यायचा की लागली. मी रागावलो तर म्हणाला, "मिस्त्री, गावोगाव उतार हाय की! तुमचं दुकान तेवढं सपाटीला हाय, म्हणून तुमाला काळजी."

वैरागकडच्या एका लग्नात तर गंमतच झाली. फुलांनी मढवलेली गाडी मांडवाबाहेर उभी, नवरदेवाचे दोस्त इंजिन बंद ठेवून जेवणं होईपर्यंत आत गाणी वाजवत बसलेले. पाठवणीची वेळ झाली. नवरी रडतेय, आई रडतेय, सगळा गाव डोळे पुसतोय, आणि गाडी म्हणते कटकट. शेवटी शेरवानीतला नवरदेव आणि मुलीचा बाप दोघं मिळून गाडी ढकलायला लागले. मी नेमका वऱ्हाडात होतो, पण माझी केबल माझ्या गाडीत आणि माझी गाडी सोलापुरात. रडणारी नवरी फसकन हसली ते मात्र अजून डोळ्यापुढं आहे.

अशा सगळ्या बेफिकीर लोकांत माझं एकच गिऱ्हाईक असं होतं की ज्याचं नाव मी दुसऱ्यांना उदाहरण म्हणून सांगायचो. सिद्रामअण्णा. चाटी गल्लीत कापडाचं दुकान, कपाळाला विभूती, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांची सासुरवाडी मैंदर्गीची, म्हणजे अक्कलकोटच्या पुढं, जिथून कर्नाटक हाकेवर. नागपंचमीला आणि संक्रांतीला ते बायकोला माहेरी घेऊन जायचे, आणि निघायच्या आदल्या दिवशी न चुकता त्यांची पांढरी गाडी माझ्या दुकानासमोर उभी राहायची.

"मिस्त्री, जरा बघून द्या. तिकडं बंद पडायला नको."

मी एकेक भोक उघडून नळी घालायचो. काटा हिरव्यात. पुढचं भोक, हिरव्यात. सगळी हिरव्यात. टर्मिनल चकचकीत, वर व्हॅसलिनचा हात फिरवलेला. मी म्हणायचो, "अण्णा, ही बॅटरी तुम्हाला नातवाच्या लग्नापर्यंत पुरंल." ते हसायचे नाहीत. "तरी केबल राहू द्या डिकीत," म्हणायचे. बॅटरीत जरा उणीव दिसायच्या आत नवी बसवून घ्यायचे. करकंबचा जीपवाला समोर असला की मी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो, "शिका जरा! गाडी कशी ठेवावी ते अण्णांकडनं शिका!" खरं सांगतो, त्या माणसाची गाडी दुकानासमोर उभी असली की मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दुकानात बसल्या जागी छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मी अंत्यविधीला गेलो होतो. गाडी अंगणात उभी होती, धुतलेली, पुसलेली.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, गौराक्कांचा फोन आला. "मिस्त्री, गाडी सुरू होईना. मुलगा बेंगळुरात बसून म्हणतोय विकून टाक. घेणारे बघायला यायचेत. तुम्ही येऊन जाल का?"

दुकान सोडलं तरी हे गिऱ्हाईक माझं होतं. पुतण्याची गाडी घेतली, केबल घेतली, गेलो. अंगणातल्या गाडीवर कडुलिंबाचा पाला पडलेला. बॅटरी पार उतरली होती. उभ्या गाडीला दुसरं काय होणार?

मी पुतण्याची गाडी नाकाला नाक लावून उभी केली. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळा चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि शेवटचा चिमटा मेलेल्या गाडीच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी पडली तरी भीती नाही. ज्यांच्या डिकीत केबल आहे त्यांनी हा क्रम पाठ करून ठेवा. चावी मारली, गाडी थोडी कुरकुरली आणि लागली.

"आता तासभर बंद करू नका," मी म्हटलं. "बॅटरीत जीव यायला वेळ लागतो. आत्ता बंद केली तर परत लागायची नाही."

अक्का आत जाऊन चहा घेऊन आल्या आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो, समोर गाडी चालू.

"ह्या आवाजाची सवय आहे मला," त्या म्हणाल्या. "मैंदर्गीला आमच्या दारात अशीच चालू असायची."

"दारात? चालू कशाला?"

"तुम्ही राग मानू नका मिस्त्री. पण तुमची बॅटरी कधी धड नव्हती बघा. दर वेळी वीक. अण्णा म्हणायचे, बंद केली तर परत लागणार नाही, मग हितंच अडकू. ते खाली उतरायचेच नाहीत. मी आत गेले की पाच मिनिटांत हॉर्न. पुढं पुढं मी पण उतरायचं सोडून दिलं. माझी अव्वाच, आईच, खिडकीशी यायची."

आता बघा, माणसाला मर्मावर बोट ठेवलं की कसं होतं. माझी बॅटरी? वीक? हातातला चहा मी खाली ठेवला.

"अक्का, काय बोलताय! निघायच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्याकडं येऊन तपासून न्यायचे. मी स्वतः नळी घालून बघायचो. काटा हिरव्यात!"

"हिरव्यात म्हणजे चांगली?"

"एक नंबर."

"दर वेळी?"

"दर वेळी! अख्ख्या सोलापुरात तसली बॅटरी कुणाची नसंल."

"म्हणजे बंद केली असती, तर परत लागली असती?"

"शंभरदा बंद केली असती तरी शंभरदा लागली असती," मी छाती फुगवून म्हटलं.

अक्का गाडीकडं बघत राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, ते थांबलं. आणि तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला की मी काय बोलून बसलोय.

जीभ हासडून टाकावीशी वाटली. माझ्या बॅटरीची अब्रू राखायला गेलो आणि एका बाईचा संसार उचकटून ठेवला. एवढी वर्षं धंद्यात घालवली, पण कुठली तार कुठं लावू नये हे त्या दिवशी मला कळलं नाही. सारवासारव करायला गेलो, "म्हणजे कधीकधी सेल्फमध्येपण दोष असतो अक्का..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आहेराच्या वेळी ह्यांच्याआधी धाकट्या जावयाला टोपी घातली कुणीतरी. कुणी ते पण आठवत नाही. हे ताटावरून उठले. म्हणाले, ह्या घरचं पाणी पिणार नाही. मी म्हटलं, राग आहे, चार दिवसांत विरंल. पुढं गाडी घेतली आणि स्वतःच मला म्हणाले, चल, तुला माहेरी नेऊन आणतो. मला वाटलं, विरला राग."

म्हणजे अण्णांना शब्द मोडायचा नव्हता आणि बायकोचं माहेरही तोडायचं नव्हतं. म्हणून मधल्या मधे माझी बॅटरी वीक झाली. आणि माझ्याकडं दर वेळी तपासायला यायचे ते कशासाठी, तेही आता उलगडलं. लोकांना गाडी वाटेत बंद पडायची धास्ती असते, अण्णांना ती सासऱ्याच्या दारात बंद पडायची धास्ती होती. इंजिन जरा बंद केलं असतं आणि बॅटरीनं दगा दिला असता, तर खाली उतरावं लागलं असतं, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला असता. तेवढं टाळायला त्यांनी सोलापुरातली सगळ्यात चांगली बॅटरी बाळगली, आणि मी तिला हिरवा पट्टा दाखवत राहिलो. ह्याच माणसाकडून शिका म्हणून मी जगाला सांगत होतो.

"अव्वा कानानं कमी होती," अक्का म्हणाल्या. "दर वेळी खिडकीशी येऊन म्हणायची, ओळग बा. म्हणजे आत ये. मी म्हणायची, अव्वा, बॅटरी वीक आहे, पुढल्या वेळी नवी टाकून येते, मग चांगली चार दिवस राहते. तिला काही ऐकूच जायचं नाही त्या इंजिनाच्या आवाजात. नुसती हसायची आणि भाकरीचं गठुडं आत द्यायची. शेवटी शेवटी मला वाटायचं, तिच्याशी दोन शब्द शांतपणे बोलावं. नाही जमलं. अंथरुणाला खिळली तेव्हा इराप्पाला, माझ्या भावाला, विचारायची म्हणे, गौरानं बॅटरी बदलली का रे?"

मी मान खाली घालून बसलो. गाडी आपली चालूच होती.

निघताना त्यांनी विचारलं, "मिस्त्री, विकायच्या आधी मला एकदा मैंदर्गीला न्याल?"

नाही म्हणायची माझी छाती नव्हती. बॅटरी काढून दुकानात आणली, मंद चार्जिंगला लावली. पुतण्या म्हणाला, "काका, एकदा पार उतरलेल्या बॅटरीचा भरवसा नसतो, नवीच टाका की." मला ते ठाऊक नव्हतं होय? पण मी तीच परत बसवली. त्या बॅटरीत अण्णांची शेवटची फेरी होती, ती काढून फेकायला हात धजावला नाही. डिकीत केबल मात्र टाकली.

सकाळी निघालो. अक्का पुढं माझ्या शेजारी बसल्या. अक्कलकोट मागं पडल्यावर म्हणाल्या, "इराप्पाला काय सांगू, मिस्त्री? खरं सांगितलं तर हे मेल्यावरसुद्धा त्या घरातून उठतील. आणि नाही सांगितलं तर माझ्या पोटात राहील."

"तुमचं माहेर आहे अक्का. तुम्हाला वाटंल ते सांगा."

"वाईट नव्हता हो माणूस," त्या म्हणाल्या. "दर वेळी नेलं की. कधी नागा केला नाही." आणि मग खिडकीबाहेर बघत रडल्या. राग होता, माया होती, सगळं एकत्रच होतं. मी गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

मैंदर्गीत घरासमोर पोचलो. गाडीचा आवाज ओळखून इराप्पा आणि त्याची बायको धावतच बाहेर आले. बायकोच्या हातात गठुडं तयार. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर गाठ मारलेली. ती सरळ खिडकीशी आली आणि गठुडं आत सरकवायला लागली. त्या घराला तशीच सवय लागली होती. पाहुणीला आत बोलवायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही, इतकी वर्षं त्या गाडीनं त्यांना तसं शिकवलं होतं.

अक्कांनी गठुडं हातानं बाजूला सारलं. "मिस्त्री, बंद करा."

मी क्षणभर घुटमळलो. उतरून परत भरलेली बॅटरी, खेड्यातली जागा, समोर सगळं सपाट. मग चावी मागं फिरवली. इंजिन थांबलं. आतल्या घरात भांडं वाजलेलं ऐकू आलं, कुणाची तरी म्हैस ओरडलेली ऐकू आली. इराप्पाच्या बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

"अय्यो, बंद केलासा? आता परत लागंल का?"

अक्का दार उघडून खाली उतरल्या. पदर सारखा केला. मला वाटलं, आता सांगतात.

"लागंल की," त्या म्हणाल्या. "नवी बॅटरी टाकली."

आणि माझ्याकडं न बघता उंबऱ्यापाशी गेल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून रडण्याचा आवाज आला. अव्वाचा फोटो भिंतीला होता, हार घातलेला. मी तो दारातूनच पाहिला.

इराप्पा माझ्यापाशी थांबला होता. साधा माणूस, शेती करणारा, अण्णांविषयी मनात काडीचा डूख नाही. पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत म्हणाला, "ओळग बर्री, मिस्त्री, बसा आत." मी पाणी प्यायलो. मग तो बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "त्या आदीच्या बॅटऱ्या कुणाकडनं घेतल्या हुत्या हो? लई तरास दिला त्यांनी आमच्या दाजींला. बिचाऱ्याला कदी दोन घास निवांत खाता आलं न्हाईत हितं."

आयुष्यात मी माझ्या बॅटरीला कुणाला नावं ठेवू दिली नाहीत. गिऱ्हाइकांशी भांडलोय, एकदा तर एका ट्रकवाल्याची गचांडी धरलीय. आणि चार दिवसांमागं अक्कांच्या पायरीवर जी छाती फुगवली होती, ती इथंच होती, शर्टाच्या आत.

"माझ्याकडनंच," मी म्हटलं. "खराब निघाल्या. सगळ्याच्या सगळ्या."

"असं हुतंय की कदी कदी," इराप्पानं उलट माझीच समजूत काढली.

अक्का तिथं राहिल्या. चांगल्या चार दिवस राहणार होत्या. जेवण झाल्यावर मी एकटाच निघालो. इराप्पा गाडीपर्यंत पोचवायला आला, शेजारची दोनतीन माणसं धक्का द्यायची तयारी करूनच उभी होती. मी मनातल्या मनात अण्णांना म्हटलं, एवढी एक वेळ अब्रू राखा. चावी अर्धीसुद्धा फिरली नसेल, गाडी लागली.

इराप्पाचा चेहरा खुलला. काचेवर हात ठेवून तो म्हणाला, "बगा की! काय बॅटरी हाय! हीच आदी घ्यायची वो मिस्त्री. अव्वा हुती तवर."

"व्हय," मी म्हटलं, "आदीच घ्यायला पाहिजे होती." आणि गाडी गिअरमध्ये टाकली.